एका कायदेपंडिताचा धर्मादाय : बोनचे इस्पितळ आणि त्याचे द्राक्षमळे

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात बोन नावाचे एक लहानसे तटबंदीचे नगर आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तेथील धर्मार्थ इस्पितळाच्या मळ्यांतील नव्या वाइनचा लिलाव होतो, आणि त्या सोहळ्याच्या सांगतेस इस्पितळाच्या जुन्या बुरुजात मेणबत्त्यांच्या उजेडात पंगत बसते. अशा पंगतीचा मान जुन्या, मुरलेल्या लाल वाइनचा. तिची वाढण्याची रीतही ठरलेली आहे. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवतात, म्हणजे साका तळाशी बसतो. ओतताना बाटलीच्या मानेमागे ज्योत धरतात आणि गाळ मानेशी आला की हात आवरतात. पेला तिसरा हिस्साच भरायचा. आधी रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, आणि घोट त्यानंतर. नवी असताना जांभळट दिसणारी ही वाइन वयाबरोबर विटकरी होते. हिरड्यासारखा जिभेला धरणारा तिचा तुरटपणा मवाळतो. ताज्या फळांच्या वासाची जागा ओल्या पाचोळ्याचा आणि अळंब्यांचा वास घेतो.

वाचक विचारतील, देवळाच्या पंक्तीला बसणाऱ्या आम्हांस या पंगतीशी काय कर्तव्य? मद्य आपल्या पंक्तीला वर्ज्य आहे आणि प्रस्तुत लेखकही त्या रसाचा भोक्ता नव्हे. तथापि त्या पेल्यामागे जो धर्मादाय उभा आहे, तो पावणेसहाशे वर्षे टिकला आहे. एखादे दान इतके का टिकते आणि दुसरे दोन पिढ्यांतच का विरते, हा प्रश्न मात्र आपल्या प्रत्येक देवस्थानाचा आहे.

या दानाचा कर्ता निकोला रोलँ. सुमारे १३७६ साली ओतँ गावी जन्मलेला हा गृहस्थ वकिली करीत वर चढला आणि १४२२ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याचा चॅन्सेलर झाला. १४३५ साली ड्यूक आणि फ्रान्सचा राजा यांच्यात आरास येथे जो तह झाला, त्याच्या वाटाघाटींत रोलँ अग्रभागी होता. तह झाला तरी गावे सावरली नव्हती. दुष्काळ होता, आणि काम सुटलेल्या भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या मुलूख लुटीत हिंडत होत्या. अशा काळात, ४ ऑगस्ट १४४३ रोजी, रोलँने आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ हिने बोन येथे दरिद्री रुग्णांसाठी इस्पितळ स्थापन केले. ऐहिक संपत्ती देऊन पारलौकिक संपत्ती जोडावी, ही इच्छा त्याने दानपत्रात स्पष्ट नमूद केली आहे. लोक मात्र इतके भाबडे नव्हते. ज्याने इतक्यांना भिकेला लावले त्याने त्यांच्यासाठी एक इस्पितळ बांधावे हे योग्यच, असा टोला राजा अकरावा लुई याच्या नावावर सांगितला जातो. दात्याचा हात पूर्ण स्वच्छ होता असा दावा कोणी करू नये. आपण पाहायचे ते दानपत्र.

१ जानेवारी १४५२ रोजी पहिला रुग्ण आत आला. दालन असे रचले होते की रांगेने मांडलेल्या खाटांवरून रुग्णास टोकाच्या प्रार्थनामंदिरातील पूजा दिसावी. रोजिए व्हान डेर वेडन या चित्रकाराचे अंतिम न्यायाचे भव्य चित्र तेथे होते. त्याची कवाडे सणावारी उघडत, आणि अंथरुणाला खिळलेल्यास पडल्या जागी दर्शन घडे. पतीच्या पश्चात गिगोनने इस्पितळाची सेवा केली. १४७० साली ती निवर्तली आणि तेथेच तिला मूठमाती मिळाली.

आता त्या दानपत्राची गोम. रोलँने केवळ इमारत दिली नाही. सालँ येथील मिठागरांच्या उत्पन्नातून दरसाल एक हजार लिव्रांची नेमणूक बांधून दिली. वास्तूबरोबर वास्तूचे पोटही त्याने पाहिले. १४५७ साली पहिला द्राक्षमळा दान आला आणि मग ती रीतच पडली. कोणी एक तुकडा दिला, कोणी दोन. आज इस्पितळाकडे सुमारे ६० हेक्टर मळे आहेत, बहुतेक पिनो नुआर या काळ्या द्राक्षाचे. निरनिराळ्या मळ्यांच्या वाइनना दात्यांची नावे आहेत. निकोला रोलँ आणि गिगोन द सालँ यांचीही आहेत. आपल्याकडे समईच्या बैठकीवर नाव कोरतात तसेच हे. फरक इतकाच की येथे ज्या वस्तूवर नाव आहे ती दरवर्षी नव्याने पिकते.

याच्या शेजारचे उदाहरण बोलके आहे. क्लो द वूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा मळा मठवासी साधूंनी शतकानुशतके सांभाळला. राज्यक्रांतीत तो सरकारजमा होऊन विकला गेला, १८८९ साली त्याची वाटणी झाली, आणि आज त्या एकाच कुंपणात सुमारे ऐंशी मालक आहेत. इस्पितळांवरही तीच वेळ आली होती. १७९४ च्या कायद्याने त्यांची मालमत्ता राष्ट्राची ठरली. परंतु १७९६ च्या कायद्याने इस्पितळांचा हक्क त्यांना परत मिळाला. मालक मरतो, वारस वाटण्या करतात. संस्थेला मरण नाही, म्हणून तिच्या जमिनीला वाटणी नाही. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले, त्यामागील तत्त्व याहून फार निराळे नाही.

पण अमर मालकालाही कारभारी लागतो, आणि कारभाऱ्याचा कस हिशेबात लागतो. बोनच्या इस्पितळाची वाइन पूर्वी खासगी सौद्यांनी विकली जाई. १८५९ पासून ती जाहीर लिलावाने जाते. जुन्या रीतीप्रमाणे लहानशी मेणबत्ती पेटवीत आणि ती विझेपर्यंत बोली चाले. एका खास पिंपासाठी ती रीत अजून पाळतात, आणि त्या पिंपाची रक्कम इतर धर्मकार्यांना जाते. २०२२ साली अशा एका पिंपास ८,१०,००० युरो आले. एवढी किंमत वाइनची नव्हे, हे बोली बोलणाऱ्यास ठाऊक असते. आपल्या गोव्यात देवळापुढे फळांची पावणी होते, तेव्हा नारळाच्या किमतीच्या कितीतरी पट बोली बोलणाऱ्याससुद्धा ते ठाऊक असतेच. दोन्हीकडे दान सर्वांदेखत होते, आणि रकमेला गाव साक्षी राहते. गोव्यातील देवस्थानांसाठी १९३३ साली झालेल्या नियमावलीने जमाखर्च आणि अंदाजपत्रक आवश्यक केले. ज्या महाजनांना ते जाचक वाटते त्यांनी ही मेणबत्ती आठवावी.

लिलावात विकली जाते ती अवघ्या दोन-तीन महिन्यांची वाइन, २२८ लिटरांच्या पिंपांत. विकत घेणाऱ्याने ती वर्ष-दीड वर्ष पिंपात जोपासायची, मग बाटलीत भरून अनेक वर्षे तळघरात निजवायची. ज्याने मळा दिला, ज्याने वेल छाटली, ज्याने बोली बोलली आणि ज्याने अखेर पेला ओठी लावला, हे चौघे बहुधा एकमेकांस कधी भेटत नाहीत. तरी सर्वांचे काम एकच होते. १९७१ साली रुग्ण नव्या इमारतीत गेले आणि जुनी वास्तू संग्रहालय झाली. मळ्यांचे उत्पन्न मात्र इस्पितळाकडेच येत राहिले.

आपण सभामंडपाला संगमरवर देतो, कळसाला सोने देतो. तेही द्यावे. पण देताना एकदा विचारावे, की आपण गेल्यावर या दानातून दरसाल काय पिकेल, आणि त्याचा हिशेब कोणासमोर वाचला जाईल? रोलँच्या पुण्याचा निवाडा त्याच्या देवाने करावा. त्याच्या दानपत्राचा निवाडा काळाने केला आहे, आणि तो त्याच्या बाजूने आहे.