शेअरचे जुने भाव : नोंद, वाचन आणि वापर

शेअरचे जुने (ऐतिहासिक) भाव : बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या शेअरचे सौदे पूर्वी कोणत्या दिवशी कोणत्या किमतीला झाले, याची तारीखवार नोंद. दिवसाचा उघडता भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा, बंद भाव, आदल्या दिवसाचा बंद भाव आणि किती शेअरांची उलाढाल झाली तो आकडा, एवढ्या गोष्टी तिच्यात असतात. मुंबई शेअर बाजार (स्थापना १८७५) आणि राष्ट्रीय शेअर बाजार (शेअरांचे व्यवहार १९९४ पासून) ही नोंद प्रत्येक कामकाजाच्या दिवशी प्रसिद्ध करतात. दलालांच्या पेढ्यांवर तिला ‘भावकॉपी’ म्हणतात आणि बाजारांच्या संकेतस्थळांवरही हाच शब्द कायम आहे.

जालना जिल्ह्यातल्या वाचकाला हा तक्ता परका वाटण्याचे कारण नाही. मोंढ्यात कापूस, सोयाबीन, मोसंबी येते तेव्हा बाजार समिती रोज प्रत्येक मालाची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर नोंदवते. भावकॉपीची मांडणी जवळपास तीच आहे आणि मोंढ्यावर वाढलेला माणूस ती वाचताना एक चूक सहसा करत नाही. नव्या हंगामाच्या मुहूर्ताला पहिल्या गाडीला मोठा दर देतात, त्याची बातमीही येते. पण तो हंगामाचा दर नव्हे, हे घरातले लहान मूलही जाणते. शेअरच्या तक्त्यातला ‘वर्षातला उच्चांक’ पुष्कळदा याच जातीचा असतो. त्या भावाला किती शेअर विकले गेले हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. मोंढ्यातली आवक म्हणजे खरोखर गाडीतून उतरलेला माल. शेअर एकाच दिवसात अनेक हातांतून फिरू शकतो, म्हणून एकूण उलाढालीशेजारी ‘डिलिव्हरी’चा, म्हणजे प्रत्यक्ष खात्यात गेलेल्या शेअरांचा आकडा पाहावा. बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा, ही समजूतही चुकीची आहे. बाजार संपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी काढून तो ठरवण्याची रीत दीर्घकाळ चालत आली.

भाव सगळ्याच कंपन्यांना नसतो. जालन्याचे नाव देशभर नेणारी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये उभी केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार आणि पुढे पद्मभूषण मिळाले. पण महिकोचे शेअर बाजारात नोंदलेले नाहीत, त्यामुळे तिचा जुना भावही नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांचेही बहुतांशी तसेच आहे. इथल्या इंगट-बिलेटचा आजचा दर काय, हे दूरदूरचे व्यापारी विचारतात. कारखान्यांची मालकी मात्र बहुतेक कुटुंबांकडे आहे आणि त्या मालकीला रोजचा भाव नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेली आणि दोन्ही बाजारांत नोंदलेली कंपनी म्हणजे एनआरबी बेअरिंग्ज. नीडल रोलर बेअरिंगसाठी ती १९६५ मध्ये स्थापन झाली. तिचा भाव पाहून ‘जालन्याचा कारखाना बरा चालला आहे’ असे म्हणता येत नाही, कारण तो भाव तिच्या सगळ्या ठिकाणच्या सगळ्या कारखान्यांचा मिळून असतो.

एनआरबीच्या इतिहासात वाचकाने थांबून पाहावे असे एक वळण आहे. २०१२ मध्ये तिचा औद्योगिक बेअरिंगांचा व्यवसाय वेगळा काढून एनआरबी इंडस्ट्रियल बेअरिंग्ज या स्वतंत्र कंपनीकडे दिला गेला. वाटणीपूर्वीचा भाव दोन्ही व्यवसायांचा होता, नंतरचा एकाचाच. घराची वाटणी झाल्यावर एका भावाच्या सातबाऱ्यावर कमी एकर दिसतात, म्हणून जमीन वाहून गेली असे कोणी म्हणत नाही. शेअरच्या आलेखात अशी उतरंड दिसली की अनेकजण ती नुकसान समजतात. उलट प्रसंगही येतो. मोन्सॅन्टो इंडिया ही नोंदणीकृत कंपनी २०१९ मध्ये बायर क्रॉपसायन्समध्ये विलीन झाली आणि तिच्या ३ शेअरमागे बायरचे २ मिळाले. तिचा भाव त्या वर्षी थांबतो, धारकाचा पैसा मात्र दुसऱ्या नावाने पुढे चालतो.

या विषयाचा गाभा इथेच आहे : जुना भाव वाचण्याआधी शेअरांची संख्या मोजावी लागते. त्यासाठी महाराष्ट्रात अमळनेरपेक्षा चांगले उदाहरण नाही. जळगाव जिल्ह्यातल्या या गावी महंमद हशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच आजची विप्रो. गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले आणि घरात सांभाळून ठेवले. समजा, १९९७ च्या सुरुवातीला एखाद्याकडे १० रुपये दर्शनी किमतीचे १०० शेअर होते. त्या वर्षी एकामागे दोन बोनस मिळून ते ३०० झाले. १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच झाले, म्हणजे १,५००. २००४ मध्ये पुन्हा एकामागे दोन : ४,५००. २००५ मध्ये एकास एक : ९,०००. २०१० मध्ये तिनामागे दोन : १५,०००. २०१७ मध्ये एकास एक : ३०,०००. २०१९ मध्ये तिनामागे एक : ४०,०००. २०२४ मध्ये एकास एक : ८०,०००. पैसे न घालता १०० चे ८०,००० झाले. म्हणून १९९७ च्या वर्तमानपत्रातला भाव आणि आजचा भाव शेजारी ठेवायचा तर आधी जुन्याला ८०० ने भागावे लागते.

संकेतस्थळांवरील आलेखांत हा भागाकार बहुधा आधीच केलेला असतो. त्याला ‘समायोजित भाव’ म्हणतात. म्हणून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा भाव तिथे काही रुपयांत किंवा पैशांत दिसतो. तितक्याला तो शेअर कधीच विकला गेलेला नसतो. भावकॉपीत मात्र त्या दिवशी खरोखर झालेल्या सौद्याचा आकडा असतो. दोन्ही बरोबर असतात, पण प्रश्न वेगवेगळे. ‘गुंतवणूक किती वाढली’ याला समायोजित भाव हवा, आणि त्यात लाभांश धरला आहे की नाही हेही तपासावे. ‘त्या दिवशी व्यवहार कितीला झाला’ याला मूळ भाव हवा. विप्रोच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. २०१३ मध्ये साबण, दिवे वगैरेंचा व्यवसाय विप्रो एंटरप्रायझेस या बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीकडे गेला आणि पाच शेअरमागे तिचा एक घेण्याचा पर्याय धारकांना मिळाला. जिथून सुरुवात झाली तो अमळनेरचा कारखाना आज बाजारातल्या विप्रोच्या भावात नाही.

घरगुती व्यवहारात जुन्या भावाची सर्वांत मोठी गरज प्राप्तिकरासाठी पडते. नोंदणीकृत शेअर १२ महिन्यांहून अधिक ठेवून विकल्यावरचा नफा पूर्वी करमुक्त असे. २०१८ च्या वित्त कायद्याने तो करपात्र केला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंत साठलेला नफा वाचवला. त्यामुळे त्या एका दिवसाचा सर्वांत वरचा भाव कोट्यवधी खात्यांच्या हिशेबात कायमचा शिरला आहे. नियम असा : त्या दिवसाचा उच्च भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी घ्यायचा, तो आणि प्रत्यक्ष खरेदी किंमत यांतला जास्त, तो खर्च समजायचा. शेअर ६० रुपयांना घेतला, त्या दिवशीचा उच्च भाव २०० होता आणि नंतर २६० ला विकला, तर करपात्र नफा ६० रुपये, २०० नव्हे. १५० ला विकला तर नफा शून्य. त्या दिवशी सौदाच झाला नसेल, तर त्याआधी ज्या दिवशी झाला असेल तिथपर्यंत मागे जायचे. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला वर्षाकाठी सव्वा लाखावरच्या अशा नफ्यावर साडेबारा टक्के दर लागू झाला.

नेमका इथेच समायोजित आलेख दगा देतो. ३१ जानेवारी २०१८ नंतर बोनस मिळाला असेल तर आलेखातला त्या दिवसाचा भाव भागलेला दिसतो. करासाठी मात्र त्या दिवशी हातात असलेल्या शेअरला त्या दिवसाचा मूळ भाव लागतो आणि नंतरच्या बोनस शेअरांचा खर्च शून्य धरतात. आलेखावरचा आकडा सरळ उचलणारा माणूस जुन्या शेअरवर जास्त कर भरून बसतो. हे मी ठासून लिहितो आहे, कारण चूक छोटी दिसते आणि तिची किंमत घामाच्या पैशांतून जाते.

पुढचा भाव ओळखण्यासाठी जुना भाव वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो. कापसाने तो धडा मराठवाड्याला दिला आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून कितीतरी घरांत कापूस रचून ठेवला गेला. भाव खालीच राहिला. कापसाला आदल्या वर्षीचा आपला भाव आठवत नाही, तो माणसाला आठवतो. शेअर ५०० वरून ३०० ला आला म्हणजे २०० रुपयांनी स्वस्त झाला, असे म्हणणारा माणूस त्याच रचलेल्या कापसापाशी उभा असतो. ५०० असताना कंपनी किती कमवत होती, आज किती कमवते, कर्ज किती वाढले, हे ताळेबंद सांगतो. जुना भाव एवढेच सांगतो की त्या दिवशी तेवढी किंमत देणारा कोणीतरी होता.

पडझड पाहताना बाजारही शेजारी ठेवावा. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांनी कोसळला. त्या दिवशी एखाद्या कंपनीचा शेअर दहा टक्के पडला असेल तर दोष कंपनीचा मानता येणार नाही. दुसरीकडे, आजच्या यादीवरून काढलेल्या यशोगाथांत फक्त तगलेल्या कंपन्या असतात. नव्वदच्या दशकात लोकांकडून पैसे घेऊन पुढे पत्ताही न उरलेल्या कंपन्यांना सरकारदरबारी ‘नाहीशा झालेल्या कंपन्या’ असे नावच पडले. त्यांचे भाव कोणी आलेखात काढत नाही, पण ते कागद काही घरांत अजून आहेत.

जुन्या ट्रंकेत शेअर प्रमाणपत्र सापडले, तर त्यावरील संख्येला आजच्या भावाने गुणून मोकळे होऊ नये. प्रमाणपत्रावर ते दिले त्या दिवसाची शेअरसंख्या व दर्शनी किंमत असते. मधले विभाजन, बोनस, विलीनीकरण तिथे नसते. प्रमाणपत्रावरचा फोलिओ क्रमांक घेऊन कंपनीच्या निबंधकाकडे (रजिस्ट्रार) आज त्या खात्यावर किती शेअर आहेत ते लेखी विचारावे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे विक्रीसाठी हस्तांतर बंद आहे, म्हणून आधी डीमॅट, म्हणजे कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात नेणे. धारक हयात नसेल तर वारसाची कागदपत्रे. सलग सात वर्षे लाभांश कोणी उचलला नसेल तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असतात आणि ते आयईपीएफ-५ हा अर्ज भरून परत मागता येतात. वारसाच्या बाबतीत खरेदीची तारीख आणि किंमत मूळ मालकाचीच धरली जाते, त्यामुळे वडिलांनी किंवा आजोबांनी ते कधी आणि कितीला घेतले याचा कागद, दलालाची जुनी पावती असली तरी, जपून ठेवावा.