शिक्षक-व्याख्याते, अमेरिकेतील

सेवेत असलेल्या शिक्षकांना अध्यापनाचे मार्गदर्शन करण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या शिक्षणतज्ञांचा एक वर्ग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उदयास आला. व्याख्याने व सल्ला हेच आपले मुख्य कार्य मानणाऱ्या शिक्षकांची परंपरा तेथून सुरू होते.

या परंपरेचे मूळ प्रशिक्षणाच्या अभावात होते. प्राथमिक शाळांतील बहुसंख्य शिक्षक तरुण व अल्पशिक्षित असत. पहिले शासकीय अध्यापन विद्यालय मॅसॅचूसेट्समधील लेक्सिंग्टन येथे १८३९ मध्ये निघाले. त्याच वर्षी हेन्री बार्नर्ड (१८११–१९००) याने कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे २६ शिक्षकांचा अल्पकालीन वर्ग स्वखर्चाने भरविला. अशा वर्गांना ‘टीचर्स इन्स्टिट्यूट’ हे नाव १८४३ मधील इथाका (न्यूयॉर्क राज्य) येथील वर्गापासून मिळाले. मॅसॅचूसेट्समध्ये होरेस मान याने १८४५ मध्ये एडमंड ड्वाइट या व्यापाऱ्याच्या १,००० डॉलरच्या देणगीतून असे वर्ग सुरू केले. पिट्सफील्ड येथे सभागृह झाडलेले नव्हते, तेव्हा मान व राज्यपाल ब्रिग्ज यांनी स्वतः झाडू हाती घेतला, ही हकिगत प्रसिद्ध आहे. पुढे या वर्गांत लोएल मेसन संगीत, तर लूई ॲगासी निसर्गविज्ञान शिकवीत.

या काळाचा सर्वांत प्रभावी वक्ता म्हणजे कर्नल फ्रान्सिस पार्कर (१८३७–१९०२). क्विन्सी येथील शाळांचा अधीक्षक असताना (१८७५–८०) त्याने पाठांतराऐवजी निरीक्षण व संभाषण यांवर भर दिला. त्याची कीर्ती ऐकून शेकडो लोक तेथील वर्ग पाहण्यास येत. मार्थाज व्हिन्यर्ड बेटावर १८८२ च्या उन्हाळ्यात त्याने दिलेली व्याख्याने पुढील वर्षी पुस्तकरूपाने निघाली. क्विन्सीला प्रत्यक्ष वर्ग पाहता येत होता. पुस्तकाच्या वाचकाला मात्र केवळ शब्दच मिळाले.

विसाव्या शतकात ही अडचण मॅडलिन हंटर (१९१६–९४) हिच्या बाबतीत अधिक ठळक झाली. मानसशास्त्राची अभ्यासक असलेली हंटर लॉस अँजेल्सच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रायोगिक शाळेची १९६३ ते १९८२ या काळात प्राचार्या होती. पाठाच्या वेळी शिक्षक जे निर्णय घेतो त्यांस अध्ययनाच्या तत्त्वांचा आधार असावा, हे तिचे मुख्य प्रतिपादन. तिची भाषा सोपी, उदाहरणे वर्गातली. त्यामुळे देशभर तिला मागणी आली. परंतु अनेक ठिकाणी प्रशासकांनी तिच्या पाठाच्या सात घटकांची तपासणी-यादी केली व तीवरून शिक्षकांचे मूल्यमापन चालविले. प्रत्येक पाठात सर्व घटक असलेच पाहिजेत, असे तिचे म्हणणे नव्हते व तिने या वापरास हरकतही घेतली. तथापि दोष तिच्या नावावर जमा झाला.

व्याख्यान व प्रात्यक्षिक यांनी वर्गातील अध्यापन फारसे बदलत नाही, सरावानंतर सहकाऱ्याने वर्गात येऊन साहाय्य करावे लागते, असे ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० नंतरच्या लेखांत मांडले. कॅलिफोर्नियातील नापा परगण्यात जेन स्टॉलिंग्ज हिने हंटरच्या पद्धतीची चार वर्षे पाहणी केली (१९८६ मध्ये प्रसिद्ध). पहिल्या तीन वर्षांत पद्धतीचा अवलंब व विद्यार्थ्यांची प्रगती ही दोन्ही वाढली. चौथ्या वर्षी शिक्षकांना मिळणारे साहाय्य कमी होताच दोन्ही घटली.