उचल, दस्तुरी आणि नमुना-भाषांतर : माढ्याच्या वाटेवरचा भरतीचा व्यवहार

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधे वसलेला असला, तरी उजनीचे पाणी कालव्यांतून फिरू लागेपर्यंत तो अवर्षणाचाच मुलूख होता. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसावर यायची आणि तो पाऊस चुकला की शेतमजुराच्या हाताला काम उरत नसे. अशा मुलखात काम देणारा आणि काम मागणारा हे दोघे सहसा एकमेकांना पाहत नाहीत; त्यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा असतो, जो दोन्हीकडे ओळख सांगतो आणि दोन्हीकडून मोबदला घेतो. मुकादम, जॉबर, अरकाटी, एजंट आणि अलीकडे ‘रिक्रूटर’ अशी नावे धारण करणाऱ्या या मध्यस्थाचा इतिहास लिहिताना पैसा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात आधी गेला, हा एकच प्रश्न धरून चालले, तर घरबसल्या भाषांतराचे काम शोधणाऱ्या तरुणांची आज होणारी फसवणूक नवी किती आणि जुनी किती, हे बरेच स्पष्ट होते.

माढ्यातून बाहेर जाण्याची वाट रेल्वेने रुंद केली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५९ साली तालुक्यातील बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथपर्यंत आला, १८६० साली सोलापूरला पोहोचला आणि १८६३ साली बोरघाटाचा चढ पूर्ण झाल्यावर मुंबईशी सलग जोडला गेला. १८९७ साली याच ठिकाणाहून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला आणि त्याच सुमारास, १८७७ साली, सोलापुरात पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी उभी राहिली. दुष्काळ, आगगाडी आणि गिरणी या तिन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ आल्यामुळे गाव सोडून कामाला जाणे हा प्रकार संकटातल्या उपायापुरता न राहता या भागाच्या जगण्याची रीत बनला.

गिरणीच्या दारात उभा असे तो जॉबर. हा नावाला खात्यातील कामगारांवर देखरेख ठेवणारा नोकर; परंतु कामावर घेणे, काढणे आणि गैरहजर कामगाराच्या जागी बदली नेमणे हे अधिकार व्यवहारात त्याच्याच हाती होते, आणि त्यांची किंमत म्हणून तो जी रक्कम घेई तिला ‘दस्तुरी’ म्हणत. १९२९ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने १९३१च्या अहवालात ही लाचखोरी सर्वदूर पसरल्याचे नोंदवले आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून घ्यावे, असे सुचवले. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली तीही याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. दस्तुरी हा अन्यायच होता, याबद्दल दुमत असू नये. तथापि एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे : दस्तुरी देणाऱ्या माणसाला काम मिळत असे, गिरणी खरी होती, आणि जॉबर पुष्कळदा त्याच चाळीत, त्याच जातगोतात राहत असल्यामुळे त्याला जाब विचारता येत असे.

समुद्रापलीकडच्या भरतीत हा दिलासा नव्हता. गुलामगिरी संपुष्टात येत असताना मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर, म्हणजे ठरावीक वर्षे काम करण्याच्या करारावर सही वा अंगठा देऊन गेलेले ‘गिरमिटिये’, पाठवले जाऊ लागले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्या बेटावर आजही मराठी म्हणून ओळखले जातात. मळ्याचे अंतर, मजुरीचा दर, परतीची हमी यांविषयी खोटे सांगून माणसे गोळा करण्याचे प्रकार इतके वाढले की सरकारला कायदे करावे लागले. भरती करणाऱ्याने परवाना घ्यावा आणि तो ओळखू यावा म्हणून अंगावर बिल्ला लावावा, असे बंधन आले. या बिल्ल्याची कथा आजच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावी. बिल्लेवाला अधिकृत माणूस बहुधा डेपोत बसून राही आणि गावोगाव, बाजारात, जत्रेत हिंडून माणसे हेरणारा अरकाटी, म्हणजे परवाना नसलेला हस्तक, त्या बिल्ल्याच्या आडोशाने आपले काम करी. खूण खरी असे, ती ज्याच्या नावाची तो माणूसही खरा असे. मात्र गिऱ्हाइकाशी बोलणारा चेहरा वेगळाच असे. १९१७ साली करारबद्ध मजुरांची ही निर्यात थांबवण्यात आली.

भीमेवर माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले आणि या मुलखाची दिशाच उलटली. ज्वारीच्या रानात ऊस आला, पिंपळनेरसारख्या गावी साखर कारखाने उभे राहिले, आणि माणसे बाहेर पाठवणारा तालुका बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडणीसाठी माणसे आणणारा तालुका झाला. येथे भरतीचे चलन म्हणजे ‘उचल’, अर्थात हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. कारखाना ती वाहतूकदाराला देतो, ट्रॅक्टरचा मालक असलेला हा वाहतूकदार स्वतःच्या कर्जाची भर घालून ती मुकादमाला देतो, आणि मुकादम ‘कोयत्यां’च्या हिशेबाने टोळी बांधतो; कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे, तोडणीला एकत्र येणारे नवरा-बायकोचे जोडपे. या व्यवहाराचा कागद पाहिला, तर मुद्रांकावर रक्कम, कोयत्यांची संख्या, हंगामाचे वर्ष, खाली सह्या, साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का, एवढाच ऐवज असतो. दसरा उलटतो, गाळपाचा हंगाम सुरू होतो आणि टोळी येत नाही. मुकादमाचा फोन बंद असतो, आणि एकाच टोळीच्या नावावर त्याने दोन-तीन वाहतूकदारांची उचल घेतल्याचे नंतर कळते. अशा फसवणुकीचे गुन्हे सोलापूर जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांत दर हंगामात नोंदवले जातात, आणि त्यापायी ट्रॅक्टर विकावा लागलेली घरे उसाच्या पट्ट्यात आहेत. दुसऱ्या बाजूला, हीच उचल फिटेना म्हणून वर्षानुवर्षे त्याच मुकादमाशी बांधले गेलेले मजूरही आहेत. त्यांचे दुःख वाहतूकदाराच्या दुःखाहून तसूभरही कमी नाही.

या पार्श्वभूमीवर भाषांतराच्या कामाकडे पाहावे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, आणि भाषांतर हा पगारी नोकरीचा, परीक्षा देऊन मिळवण्याचा पेशा आहे, अशी समजूत दोन पिढ्या टिकली. इंटरनेटने ती मोडली. आता औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर, मोबाइलमधील सूचना, चित्रपटांची उपशीर्षके असे काम शब्दागणिक दराने दूरदेशीच्या एजन्सींकडून येते, आणि ते घेणारा फ्रीलान्स भाषांतरकार, म्हणजे कोणाचाही नोकर नसलेला, कामापुरता बांधलेला माणूस, माढा, कुर्डुवाडी किंवा टेंभुर्णीत बसूनही ते करू शकतो. ज्या तालुक्यातून कामासाठी आगगाडी धरावी लागे, तेथे काम घरी चालत येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच वाटेने अरकाटीही आला.

त्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पहिली रीत नमुना-भाषांतराची : खरी एजन्सी दोन-अडीचशे शब्दांचा चाचणी मजकूर देते, तर लबाड भरतीवाला एखादी आख्खी पुस्तिका तुकडे करून पंधरा-वीस उमेदवारांना ‘चाचणी’ म्हणून वाटतो, प्रत्येकाला नापसंतीचे पत्र पाठवतो आणि जोडलेले भाषांतर फुकट खिशात घालतो. तुकडा वाक्याच्या मध्यातून सुरू होत असेल किंवा त्यात पुढच्या पानाचा हवाला असेल, तर संशय घेण्यास ते पुरेसे आहे. दुसरी रीत बायोडाटा चोरण्याची, ज्यात अनुभवी भाषांतरकाराची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवून फक्त ईमेलचा पत्ता बदलला जातो आणि त्याच्या नावावर दुसराच माणूस कामे उचलतो. येथे भाषांतरकाराचेच नाव बिल्ला बनते. तिसरी रीत जास्त रकमेचा खोटा धनादेश पाठवून ‘वरचे पैसे परत करा’ म्हणण्याची. आपल्याकडे सर्वांत क्रूर ठरलेली रीत मात्र कराराची आहे : स्कॅन केलेली पाने टंकित वा भाषांतरित करण्याचे काम देऊन ऑनलाइन करारावर सही घेतली जाते, काम हाती पडल्यावर ‘अचूकता कमी भरली’ असे कळवले जाते, आणि मग वकिलाच्या नावाची बनावट नोटीस पाठवून दंड मागितला जातो. ज्या उमेदवाराने पंधरा दिवस रात्री जागून ते काम केले, तोच स्वतःला गुन्हेगार समजून घरच्यांपासून लपवून पैसे भरतो.

याहून वाईट टोकही आहे. थायलंडमधील संगणकावरच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारच्या सीमेवरील फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेले जात असल्याचा इशारा भारत सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा कामाला जुंपली गेली असावीत, असा अंदाज मांडला. गिरमिटियांची जहाजे थांबल्यानंतर शंभर वर्षांनी ही आकडेवारी वाचावी लागते.

आता पैशाच्या दिशेचा प्रश्न. उचलीत पैसा मजुराकडे आधी येतो आणि त्याला बांधतो. दस्तुरीत तो मजुराकडून जातो, पण काम मिळते. आजच्या बनावट भरतीत पैसा आणि श्रम दोन्ही उमेदवाराकडूनच जातात आणि समोर ना गिरणी असते ना मळा. म्हणून नोंदणी शुल्क, अनामत किंवा दंड यांपैकी कोणत्याही नावाने कामाआधी वा कामापायी पैसे मागणारा भरतीवाला लबाडच आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. फसलेल्याला भोळा ठरवणे हा मात्र अन्याय आहे, कारण अरकाटीच्या काळापासून फसवणूक भोळेपणावर नव्हे, गरजेवर आणि अंतरावर चालत आलेली आहे.

पळालेल्या मुकादमाच्या मागे वाहतूकदाराला तीन-तीन जिल्हे हिंडावे लागतात. भाषांतरकाराला ठकवणारा तर कोणत्या देशात बसला आहे, हेही कळत नाही. कायद्याने तेवढी वाट सोपी केली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड प्रमाणे संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला, तरी त्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर कळवावे. आलेली पत्रे, करार आणि ती बनावट नोटीस यांतले काहीही पुसून टाकू नये. आणि माढ्यातल्या माणसाने ती फिर्याद माढ्याच्याच ठाण्यात द्यावी.