संघटन-मानसशास्त्र

कामाच्या ठिकाणी माणसे जशी वागतात तशी का वागतात, याचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. भरती आणि बढती, साहेब आणि हाताखालची माणसे, गटातली चढाओढ, कामाचा ताण, दांड्या, राजीनामे हे सारे तिच्या कक्षेत येते. तिचा जन्म कारखान्यात झाला. जुन्या ग्रंथांत ती औद्योगिक मानसशास्त्र या नावाने भेटते. आज बँका, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत तिचा पसारा आहे.

'कामसू' आणि 'कामचुकार' ही विशेषणे आपण माणसाच्या स्वभावाला सहज चिकटवतो. या शाखेतले बहुतेक गाजलेले प्रयोग मात्र वेगळ्याच दिशेला बोट दाखवतात : काम कसे लावून दिले आहे, आणि शेजारी कोण उभे आहे.

सुरुवात अर्थातच स्वभावापासून झाली. हार्वर्डमधले जर्मन मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांनी ट्रामचालक म्हणून कोण योग्य ठरेल हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत चाचणी बसवली. त्यांचा 'सायकॉलॉजी अँड इंडस्ट्रिअल एफिशियन्सी' हा ग्रंथ १९१३ साली इंग्रजीत आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जवानांना बुद्धिमापन चाचण्यांतून काढले आणि चाचण्यांचा धंदा जोरात सुरू झाला. त्याच्या बऱ्याच आधीपासून फ्रेडरिक टेलर हा अभियंता हातात घड्याळ घेऊन कामगाराची प्रत्येक हालचाल मोजत आला होता. बेथलेहेम स्टीलमध्ये दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलणारा मजूर आपल्या पद्धतीने साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला, हे त्याने १९११ च्या पुस्तकात मोठ्या अभिमानाने लिहिले. या कहाणीत बरीच सजावट होती, असे पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले.

टेलरी विचारांची झळ मुंबईलाही लागली. दोन साचे (माग) सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, अशा योजना गिरणीमालकांनी आणल्या. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सुमारे दीड लाख कामगारांनी जो सार्वत्रिक संप केला, त्याच्या मुख्य कारणांत या योजना होत्या. कागदावर हिशेब चोख होता. पण खात्यातली भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे आणि तो बहुधा आपल्या गावची, नात्यातली माणसे आणी. तिसरा साचा हाती घेणे म्हणजे शेजारच्या गाववाल्याला घरी बसवणे, हे घड्याळवाल्या अभियंत्याच्या कोष्टकात कुठेच नव्हते.

शिकागोजवळ सिसरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग हा या शाखेचा सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत जास्त वादग्रस्त अध्याय आहे. आधी दिव्यांचा उजेड कमीजास्त करून पाहिला. उत्पादनाचा त्याच्याशी मेळ बसेना. १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही तरुणींना वेगळ्या खोलीत बसवले. एका रिलेमध्ये ३५ च्या आसपास सुटे भाग असत. मधली सुट्टी, अल्पोपाहार, कामाचे तास यांत एकामागून एक फेरफार झाले आणि एकंदरीत उत्पादन चढत गेले. आपल्याकडे कुणी तरी लक्ष देत आहे या भावनेनेच हे घडले, असा अर्थ एल्टन मेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. 'हॉथॉर्न परिणाम' ही संज्ञा हेन्री लँड्सबर्गर यांनी १९५८ मध्ये रूढ केली.

कहाणी गोड आहे. मात्र त्या खोलीत मजुरी ठरवण्याची रीतही बदलली होती : आधी मोठ्या खात्याच्या एकूण कामावर ठरणारी रक्कम आता मूठभर जणींच्या कामावर ठरू लागली. शिवाय फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून दोघींना १९२८ च्या आरंभी खोलीतून काढून दोन नव्या मुली आणल्या गेल्या. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत हे तपशील सहसा सापडत नाहीत.

हॉथॉर्नचा खरा ठेवा दुसऱ्याच खोलीत आहे. १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या, डाख लावणाऱ्या आणि तपासणी करणाऱ्या १४ पुरुषांच्या खोलीत एक निरीक्षक नुसता बसून होता. दिवसाला किती काम 'रास्त' हे या मंडळींनी आपसात ठरवून टाकले होते. फार पुढे जाणाऱ्याला टोमणे मिळत आणि दंडावर एक सणसणीत ठोसाही. फार मागे पडणाऱ्याचीही गय नसे. एखाद्या दिवशी जास्त काम उरकले तर ते पुढच्या दिवशीच्या खाती दाखवायचे, म्हणजे नोंदवहीतली रेघ सरळ राहते. जास्त काम तर जास्त पैसे, ही व्यवस्था डोळ्यांसमोर असूनही हे चालू होते. कारण उघड होते : उत्पादन वाढले की दर कापला जाणार, अशी त्यांची पक्की समजूत होती.

भारतातला सर्वांत मोलाचा प्रयोग अहमदाबादेत झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथे स्वयंचलित माग बसवले होते, तरी अपेक्षित कापड निघत नव्हते. २२४ मागांच्या त्या खात्यात २९ कामगार होते आणि त्यांची विभागणी १२ प्रकारच्या कामांत केली होती. विणकर, बॉबिन भरणारा, मोठी तूट सांधणारा, तेलपाणी करणारा, झाडणारा असा प्रत्येकजण मागांच्या निरनिराळ्या संख्येला बांधलेला. त्यामुळे अमुक मागांची जबाबदारी अमुक टोळीची, असे काही उरलेच नव्हते. एक माग बंद पडला की कोण कुणाची वाट पाहतो आहे, हे मुकादमालाही सांगता येत नसे.

राइस यांनी सुचवले ते साधे होते : काही मागांचा एक संच आणि तो सांभाळणारी छोटी टोळी. ही कल्पना कामगारांनी आणि मुकादमांनी उचलून धरली आणि सात-सात जणांच्या टोळ्या कामगारांनी आपल्या आपणच जुळवल्या. पुढे मागांची कार्यक्षमता वाढली, खराब कापडाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच होती आणि माणसेही तीच. टॅव्हिस्टॉकच्या एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात टोळीपद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकलेली आढळली, तर इतरत्र जुनी विभागणी हळूहळू परत आली होती.

प्रेरणेचे सिद्धान्त या शाखेत उदंड आहेत. अब्राहम मॅस्लो यांची गरजांची उतरंड प्रशिक्षणवर्गांत हमखास दाखवली जाते. त्यांच्या १९४३ च्या मूळ निबंधात पिरॅमिडचे चित्रच नाही आणि उतरंडीला भक्कम पुरावाही फारसा मिळालेला नाही. त्यामानाने एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचा उद्दिष्टांचा सिद्धान्त खणखणीत आहे. अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायदेशीर मर्यादेच्या जेमतेम ६० टक्के भरले जात. 'नीट भरा' असे सांगून फरक पडत नव्हता. ९४ टक्के हा नेमका आकडा दिल्यावर, जादा पैसे न देता, काही महिन्यांत प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास गेले. मध्ये एकदा चालकांनी मुद्दाम कमी माल भरून पाहिला. साहेब कारवाई करतात का, याची ती परीक्षा होती. कारवाई झाली नाही, तेव्हा आकडा पुन्हा चढला.

माणसे निवडण्याच्या बाबतीत संशोधन आणि रीत यांत मोठी दरी आहे. सगळ्या उमेदवारांना तेच, कामाशी निगडित प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत ही गप्पांच्या ओघात होणाऱ्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामगिरीचा अंदाज चांगला देते, हे अनेक दशकांच्या अभ्यासांतून दिसले आहे. तरी 'माणूस बघितला की कळतो' असे म्हणणारे अधिकारी प्रत्येक कचेरीत आहेत.

भारतीय संशोधकांनी पाश्चात्त्य सिद्धान्त तपासून घेतले. पाटण्याचे जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये मांडलेला नेता आधी माया लावतो, पण ती कामाच्या अटीवर. हाताखालचा तयार होत गेला की त्याला मोकळीक देतो. वडीलकीच्या नात्याने बोलणारा आणि तितकाच कडक साहेब इथल्या कार्यालयांत कुणालाही ओळखू येईल. उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोमधली कर्मचारी-मूल्यमापनाची पद्धत तपासली. त्यातून तिथे मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतीय उद्योगांतल्या अशा पहिल्या विभागांत तो गणला जातो.

सेवाक्षेत्र वाढले तसे प्रश्न बदलले. आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या हसऱ्या चेहऱ्याकडे श्रमाचाच एक भाग म्हणून पाहिले. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात इस्पितळांतल्या औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या तुकड्यांमध्ये चुकांच्या नोंदी कमी न आढळता जास्त आढळल्या. त्या तुकड्यांत परिचारिका चुका लपवत नव्हत्या, असा त्याचा उलगडा त्यांनी केला. जिथे मुख्य परिचारिकेचा धाक होता, तिथल्या वह्या स्वच्छ होत्या.