पाप कुणाचं?

जून १९०५. पुण्याजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, प्रार्थना चालू असताना मुली ढसाढसा रडू लागल्या. मनात दडवलेली पापं मोठ्यानं बोलून देवाची क्षमा मागू लागल्या. वेल्समधल्या धर्मजागृतीची बातमी इथं आधीच पोचली होती. जानेवारीपासून रोज प्रार्थना चालली होती.

मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या अनेक मुली होत्या, बालविधवाही होत्या. त्या काळी विधवेला सांगत, नवरा गेला तो तुझ्याच मागच्या जन्मीच्या पापानं. हे पाप तिला आठवणारही नाही, मग कबूल काय करणार? केडगावात मुली बोलत होत्या ते याच जन्मातलं, स्वतः केलेलं. त्याची क्षमा मागता येत होती. लादलेल्या कलंकाची तशी सोय नव्हती.