दवाली, द्राक्षवेल आणि इस्तंबूलचं बी

पायाच्या फुगलेल्या, निळ्या, वेड्यावाकड्या शिरांना युनानी हकीम ‘दवाली’ म्हणतात. शब्द अरबी. ‘दालिया’ म्हणजे द्राक्षाची वेल, दवाली तिचं अनेकवचन. धुळ्यात पॉवरलूमवर आयुष्यभर उभ्या राहिलेल्या कारागिराची पोटरी पाहिली की नाव किती नेमकं आहे ते कळतं. (फळ्यासमोर उभं राहणाऱ्या आम्हा मास्तरांचीही यातून सुटका नाही.)

हजार वर्षांपूर्वी कुर्तुबाच्या अबुल कासिम जहरावींनी ‘अत्-तसरीफ’मध्ये या आजारावर लिहिलं. कष्टकऱ्यांना, ओझी वाहणाऱ्यांना तो जास्त होतो, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांची शस्त्रक्रिया म्हणजे शीर चिरून रक्त काढणं किंवा शीरच ओढून काढणं.

हे सांगायचं कारण धुळ्याचे माझे मामू. त्यांना कुणीतरी ‘जुना युनानी नुस्खा’ म्हणून हॉर्स चेस्टनटच्या बियांची पावडर दिली. हे झाड बाल्कनच्या डोंगरांतलं. सोळाव्या शतकात इस्तंबूलचे तुर्क याचं बी खोकणाऱ्या घोड्यांना देत, म्हणून नावात घोडा. 1576 मध्ये बी व्हिएन्नाला क्लुसियस या वनस्पतीतज्ज्ञाकडे पोहोचलं. म्हणजे जहरावींनंतर साडेपाचशे वर्षांनी. शिरांवरचा त्याचा आजचा उपयोग आधुनिक युरोपातला. आपल्या बुजुर्गांचं नाव लावून पुडी विकणं मला तरी पटत नाही.

औषध मात्र खोटं नाही. 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात 17 चाचण्या तपासल्या गेल्या. पायाचं दुखणं आणि सूज कमी झालेली दिसली, पण चाचण्या थोड्या आठवड्यांच्याच होत्या. आणि त्यांत वापरला होता शुद्ध केलेला अर्क, दिवसाला साधारण 100 मिलिग्रॅम एस्सिन मिळेल असा. कच्च्या बीमध्ये एस्क्युलिन हे विष असतं, ते अर्कातून काढून टाकलेलं असतं. घरी कुटलेल्या पावडरीत ते तसंच राहतं.

मामू रक्त पातळ करणारी गोळी घेतात. अशांनी, गरोदर बायकांनी, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी अर्कसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर गुठळीची शंका असते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मामूंनी पुडी बाजूला ठेवलीय. सध्या डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे घालतात, उकाड्याला शिव्या देत.