ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील सामान्य जीवन आणि स्थानिक वारसा : माहितीपट व विनोदी मालिकांचा इतिहाससाधन म्हणून विचार

सारांश :

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-चार दशकांत ब्रिटनमधील जुनी कामगार वस्ती, गिरण्या, लहान व्यवसाय आणि त्यांच्याभोवती उभे राहिलेले लोकजीवन झपाट्याने बदलले. नेमक्या याच काळात दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली. त्यामुळे लोप पावत असलेल्या जीवनाची नोंद माहितीपटांनी जाणीवपूर्वक, तर विनोदी मालिकांनी नकळत केली. या दोन्ही प्रकारांकडे इतिहासाचे साधन म्हणून एकत्रित पाहिले पाहिजे, तसेच त्यांच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत, अशी भूमिका प्रस्तुत निबंधात मांडली आहे.

बीजसंज्ञा : सामाजिक इतिहास, दैनंदिन जीवन, स्थानिक वारसा, माहितीपट, विनोदी मालिका, दृक्‌श्राव्य साधने.

प्रस्तावना :

राज्यकर्ते, युद्धे, तह आणि कायदे यांना इतिहासलेखनात जे स्थान मिळाले, ते सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याला दीर्घकाळ मिळाले नाही. त्याचे एक कारण दृष्टीचे असले तरी दुसरे कारण साधनांचे आहे. सरकारी दप्तरात महसुलाचा आकडा सापडतो; पण कामावरून परतलेला माणूस घरी काय बोलत होता, शेजाऱ्याशी कशावरून भांडत होता, कशाला हसत होता, हे त्या दप्तरात सापडत नाही. ब्रिटनमध्ये ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न १९५० नंतर जोमाने झाला. रिचर्ड हॉगर्ट यांचा १९५७ मधील ‘द यूझेस ऑफ लिटरसी’ आणि ई. पी. थॉम्पसन यांचा १९६३ मधील इंग्लंडमधील कामगार वर्गाच्या घडणीवरील ग्रंथ हे त्या प्रयत्नाचे महत्त्वाचे टप्पे होत. त्याच वर्षांत दूरचित्रवाणीचा कॅमेराही त्याच माणसांच्या दारी जाऊन पोहोचला होता. मात्र ग्रंथांची दखल इतिहासाच्या अभ्यासकांनी जितकी घेतली तितकी या कार्यक्रमांची, विशेषतः विनोदी मालिकांची, घेतलेली दिसत नाही.

प्रस्तुत निबंधात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. (१) या कार्यक्रमांत सामान्य जीवनाची कोणती नोंद झाली? (२) ‘वारसा’ या कल्पनेत त्यामुळे कोणता बदल घडला? (३) साधन म्हणून ही नोंद कितपत विश्वसनीय मानावी?

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ब्रिटिश माहितीपटाची परंपरा दूरचित्रवाणीपेक्षा जुनी आहे. जॉन ग्रीअरसन यांनी १९२९ मध्ये ‘ड्रिफ्टर्स’ या मूकपटात हेरिंग मासळी पकडणाऱ्या कोळ्यांचे श्रम दाखविले. १९३५ मधील ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या लघुपटात लंडनच्या गलिच्छ वस्तीतील रहिवासी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या शब्दांत आपल्या घरांची दुर्दशा सांगतात. हा लघुपट गॅस उद्योगाच्या आर्थिक साहाय्याने निघाला होता, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. सामान्य माणसाला बोलते करणाऱ्याचा स्वतःचा हेतू कोणता, हा प्रश्न अगदी आरंभापासून या परंपरेशी जोडलेला आहे.

बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली. युद्धकाळात बंद पडलेली ही सेवा जून १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली. २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी आयटीव्ही ही प्रतिस्पर्धी वाहिनी अवतरली. आयटीव्हीची रचना प्रादेशिक कंपन्यांची असल्याने लंडनबाहेरच्या जीवनाला पडद्यावर वाव मिळाला. मँचेस्टरच्या ग्रॅनडा कंपनीने डिसेंबर १९६० मध्ये सुरू केलेली ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका उत्तर इंग्लंडमधील एका कामगार गल्लीची कथा सांगते. सॅलफर्डमधील ज्या आर्ची स्ट्रीटचा नमुना त्या गल्लीसाठी समोर होता, ती खरी गल्ली पुढे पाडण्यात आली. मालिकेतील गल्ली मात्र आजही टिकून आहे.

माहितीपट : माणसे, घरे आणि धुराडी

ग्रॅनडाच्याच ‘सेव्हन अप!’ या १९६४ मधील कार्यक्रमात सात वर्षे वयाची १४ मुले निरनिराळ्या सामाजिक थरांतून निवडली होती. दिग्दर्शन पॉल आमंड यांचे होते, तर तेव्हा संशोधन-साहाय्यक असलेले मायकेल ॲप्टेड पुढे दर सात वर्षांनी त्याच व्यक्तींकडे परत जात राहिले. २०१९ मध्ये ‘६३ अप’ प्रसारित झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये ॲप्टेड यांचे निधन झाले. जन्माने मिळालेला वर्ग माणसाचे आयुष्य किती ठरवितो, हा मूळ प्रश्न होता. पुढील भागांत मात्र त्या प्रश्नाची जागा विवाह, बेकारी, आजारपण, मुलांचे संगोपन अशा साध्या गोष्टींनी घेतली. १९७४ मध्ये बीबीसीच्या ‘द फॅमिली’ या पॉल वॉटसन यांच्या मालिकेने रेडिंग शहरातील एका कामगार कुटुंबाच्या घरातच कॅमेरा नेला. त्या घरातील भाषा आणि वादावादी ऐकून अनेक प्रेक्षक अस्वस्थ झाले. सामान्य घर पडद्यावर दाखविण्याजोगे आहे काय, हाच तेव्हा वादाचा विषय होता.

वास्तूंच्या बाबतीत असेच स्थित्यंतर घडले. लंडनच्या युस्टन स्थानकाची भव्य कमान विरोध डावलून १९६१-६२ मध्ये पाडण्यात आली. तिच्या रक्षणासाठी झटणाऱ्यांत कवी जॉन बेट्जमन हे अग्रभागी होते. त्यांचाही सहभाग असलेल्या पुढील प्रयत्नांना यश येऊन १९६७ मध्ये सेंट पँक्रस स्थानकाला सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण मिळाले. याच बेट्जमन यांनी १९७३ मध्ये एडवर्ड मिर्झोएफ दिग्दर्शित ‘मेट्रो-लँड’ या बीबीसीच्या माहितीपटात लंडनच्या वायव्येकडील उपनगरांची सैर घडविली. मेट्रोपॉलिटन रेल्वेने घरे खपावीत म्हणून ज्या उपनगरांची जाहिरात केली होती, त्यांतील जोडघरे, अंगणे आणि लहान स्थानके ही अभिजनांच्या थट्टेचा विषय होती. बेट्जमन यांनी त्यांच्याकडे चर्चच्या वास्तूइतक्याच आस्थेने पाहिले.

या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण फ्रेड डिबना यांचे आहे. लँकेशायरमधील बोल्टन येथे १९३८ मध्ये जन्मलेले डिबना हे उंच धुराडी आणि मनोरे दुरुस्त करणारे कारागीर होते. डॉन हॉवर्थ यांनी त्यांच्यावर केलेला ‘फ्रेड डिबना, स्टीपलजॅक’ हा बीबीसीचा माहितीपट १९७९ मध्ये प्रसारित झाला. कापडगिरण्या बंद पडत गेल्या तशी डिबना यांच्याकडे दुरुस्तीपेक्षा धुराडी पाडण्याचीच कामे अधिक येऊ लागली. सुरुंग न लावता ते धुराड्याच्या बुडाशी एका बाजूच्या विटा थोड्या थोड्या काढीत, त्या जागी लाकडी टेकू देत आणि अखेरीस त्या टेकूंना आग लावीत. टेकू जळाले की धुराडे ठरलेल्या दिशेला कोसळत असे. ज्याने धुराडी जपण्याचे कसब आत्मसात केले त्याच्याच हातून ती पडावीत, हा त्या प्रदेशाच्या औद्योगिक अस्ताचा इतिहासच होय. डिबना बोलतात ती भाषा बोल्टनची आहे. बांधणाऱ्यांच्या कौशल्याचे त्यांना वाटणारे कौतुक अनुभवातून आलेले आहे. १९९९ नंतर त्यांनी औद्योगिक वारशावर अनेक मालिका सादर केल्या. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २००८ मध्ये बोल्टनमध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला. वारशाविषयी बोलण्याचा अधिकार विद्वानाप्रमाणे कारागिरालाही आहे, हे त्यांच्या कार्यक्रमांमुळे रुजले.

विनोदी मालिका : नकळत झालेली नोंद

माहितीपटकाराला आपण नोंद करीत आहोत याची जाणीव असते. विनोदी मालिकेच्या लेखकाला प्रेक्षकाला हसवायचे असते आणि त्यासाठी घर, भाषा, पैशाची चणचण, मानापमान हे सारे प्रेक्षकाला ओळखीचे वाटेल असे रेखाटावे लागते. इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल या ओळखीच्या तपशिलात आहे.

रे गाल्टन आणि ॲलन सिम्पसन यांच्या ‘स्टेप्टो अँड सन’ (१९६२ ते १९७४) या मालिकेत पश्चिम लंडनमधील भंगारवाले बापलेक घोडागाडी घेऊन धंदा करतात. मुलाला त्या घरातून बाहेर पडायचे आहे आणि बाप त्याला पडू देत नाही. वाढत्या सुबत्तेच्या काळात मागे राहिलेल्यांचे चित्र येथे मिळते. डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांच्या ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्स?’ (१९७३-७४) मध्ये सैन्यातून परतलेल्या तरुणाला आपले न्यूकॅसल शहर ओळखू येत नाही; जुन्या वस्त्या गेल्या आहेत आणि मित्र नव्या वसाहतीत घर घेऊन मध्यमवर्गीय होऊ पाहत आहे. नगररचनेच्या अहवालांत न सापडणारी हानीची भावना या विनोदात सापडते.

जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांच्या ‘डॅड्स आर्मी’ (१९६८ ते १९७७, एकूण ८० भाग) या मालिकेचा विषय १९४० मध्ये स्थापन झालेले होमगार्ड दल हा आहे. पेरी स्वतः किशोरवयात या दलात होते. मालिकेत बँकेचा व्यवस्थापक तुकडीचा प्रमुख आहे, तर उच्चकुलीन वळणाचा त्याचा कारकून त्याच्या हाताखाली आहे. खाटीक, प्रेतसंस्कार करणारा व्यावसायिक आणि शिकाऊ कारकून ही त्यांची फौज आहे. युद्धाचा अधिकृत इतिहास सेनापतींचा. येथे तो एका लहान गावाचा होतो. रॉय क्लार्क यांची ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ ही मालिका तर १९७३ ते २०१० एवढा काळ चालली. तिचे चित्रण यॉर्कशायरमधील होमफर्थ या लोकरउद्योगाच्या गावात झाले आणि पुढे त्या गावी पर्यटकांची रीघ लागली.

मॅकेन्झी क्रूक यांच्या ‘डिटेक्टरिस्ट्स’ (२०१४ ते २०१७) या मालिकेत वारसा हाच विनोदाचा विषय बनतो. धातुशोधक यंत्र घेऊन एसेक्सच्या शेतांतून फिरणाऱ्या दोन मित्रांना सॅक्सन राजाचे दफनस्थान हवे आहे. प्रत्यक्षात हाती लागतात गुंड्या आणि डब्यांची झाकणे. १९९६ च्या ‘ट्रेझर ॲक्ट’नुसार मौल्यवान पुराणवस्तूंची माहिती शासनाला देणे बंधनकारक आहे. १९९७ पासून हौशी शोधकांच्या इतर सापडींची ऐच्छिक नोंदही पद्धतशीर घेतली जाते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की मालिकेचे मर्म अधिक कळते. भूतकाळ शोधण्यात सामान्य माणसाला मिळणारा आनंद तिने आदराने चितारला आहे.

पुसलेल्या फिती :

एवढे मोलाचे साधन निर्मात्यांनी स्वतःच नष्ट केले, ही या इतिहासातील खेदाची बाब होय. चित्रफीत महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरली जाई. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर बंधने होती आणि घरी कार्यक्रम पाहण्याची बाजारपेठ अस्तित्वात नव्हती. जतनाचे पद्धतशीर धोरण बीबीसीत १९७८ च्या सुमारास आले. तोपर्यंत ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या मालिकेचे अनेक आरंभीचे भाग गेले होते. ‘डॅड्स आर्मी’च्या दुसऱ्या पर्वातील दोन भाग २००१ मध्ये पुन्हा मिळाले, तीन भाग अद्याप अप्राप्य आहेत. याउलट लँकेशायरमधील मिचेल आणि केन्यन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांच्या दारातून बाहेर पडणाऱ्या कामगारांची घेतलेली चित्रणे ब्लॅकबर्नमधील एका दुकानाच्या तळघरात १९९४ मध्ये सापडली. सुमारे ८०० फितींच्या या ठेव्यावर बीबीसीने २००५ मध्ये मालिका केली. टिकण्याजोगे काय, याचा निर्णय त्या त्या काळी कोण आणि कोणत्या हिशेबाने घेतो, यावर साधनांचे भवितव्य अवलंबून असते.

मर्यादा :

या नोंदीकडे चिकित्सक दृष्टीनेही पाहिले पाहिजे. उद्योग बुडत असताना गतकाळाची विक्री करणारा ‘वारसा उद्योग’ फोफावतो, अशी टीका रॉबर्ट ह्युइसन यांनी १९८७ मध्ये केली. होमफर्थच्या पर्यटनाला ती लागू पडते. उलट लोकप्रिय माध्यमांतून सामान्य लोक आपला इतिहास स्वतः घडवितात, असा पक्ष राफाएल सॅम्युएल यांनी १९९४ मध्ये मांडला. प्रस्तुत लेखकास सॅम्युएल यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि कोणाचे जीवन ‘सामान्य’ ठरले हा प्रश्न त्यानेही सुटत नाही. ‘सेव्हन अप!’च्या १४ मुलांत मुली केवळ ४ होत्या. स्थलांतरितांचे जीवन आधी बहुधा इतरांच्या थट्टेतून आणि नंतर त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून पडद्यावर आले. ‘डेझमंड्स’ (१९८९ ते १९९४) आणि ‘गुडनेस ग्रेशस मी’ (१९९८ ते २००१) ही त्याची उदाहरणे होत. दुसऱ्या कार्यक्रमातील एका गाजलेल्या प्रवेशात मुंबईतील मित्रमंडळी ‘इंग्लिश’ जेवायला जातात आणि ब्रिटनमधील भारतीय उपाहारगृहांत गोरे गिऱ्हाईक जसे वागते तसे वागतात. हसणारा आणि हास्याचा विषय यांची येथे अदलाबदल झाली आहे.

लँकेशायर आणि गिरणगाव :

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध कापसाच्या धाग्याचा आहे. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या लँकेशायरमधील कारखान्यांची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत चालली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावही उद्ध्वस्त होत गेले आणि त्याची धुराडी दिसेनाशी होऊ लागली. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या मौखिक आठवणी यांनी त्या जीवनाची नोंद केली. परंतु खात्यातील साचेवाला, खाणावळ चालविणारी बाई, धुराड्यावर चढणारा कारागीर यांना त्यांच्या बोलीत बोलते करून ते चित्रण जपण्याचे काम इतिहास विभागांनीही आपले मानले पाहिजे.

निष्कर्ष :

१. ब्रिटिश माहितीपटांनी श्रम, वास्तू आणि कौशल्य यांची, तर विनोदी मालिकांनी वृत्ती, भाषा आणि वर्गभावना यांची नोंद केली. म्हणून ही दोन्ही साधने परस्परपूरक आहेत.

२. या कार्यक्रमांमुळे वारशाची कल्पना चर्च आणि प्रासाद यांच्यापलीकडे जाऊन उपनगरातील जोडघर आणि गिरणीचे धुराडे यांच्यापर्यंत विस्तारली.

३. निर्मात्याचा हेतू, आर्थिक आधार आणि वगळलेले समाजघटक यांची चिकित्सा केल्याशिवाय हे साधन वापरू नये.

४. जे रोजचे असते ते टिकविण्याजोगे वाटत नाही, म्हणूनच ते प्रथम नष्ट होते. बीबीसीच्या पुसलेल्या फिती याची साक्ष देतात. आपल्या गावातील बंद पडलेला कारखाना, बाजारपेठ आणि तेथे हयात असलेली जुनी माणसे यांच्याबाबतीत ती चूक टाळणे अजून आपल्या हाती आहे.